थरथर नेमकी कुणाची? स्क्रोल सॉविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक प्रश्नांचा सूर एकच आहे: स्क्रोल सॉ, म्हणजे बारीक पातं वर-खाली करून लाकडात नक्षी कापणारं मशीन, थरथरतं आणि रेघ हातात राहत नाही. पण कारण दर वेळी तेच नसतं. कधी मशीन हादरत असतं, कधी त्याच्या खालचं टेबल, कधी मशीन शांत असतं आणि लाकूडच उडत असतं, तर कधी पातं वळवळतं. आधी हे ओळखा, मग पाना हातात घ्या.

निवृत्तीनंतर 16 इंची स्क्रोल सॉ घेतला. मुलाच्या जुन्या अभ्यासाच्या टेबलावर तो ठेवला आहे. सावकाश चालवला की ठीक चालतो. वेग मध्यावर नेला की टेबलासकट सगळं हादरतं, पण गंमत म्हणजे वेग आणखी वाढवला की थोडं कमी होतं. मशीन परत करू का? (चिंचवड)

परत करू नका. मध्यावर हादरे जास्त आणि पुढे कमी, असं असेल तर संशयित तुमचं टेबल आहे.

नुसत्या मशीनचे हादरे वेगाबरोबर वाढतच जातात, तेही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. पातं दर फेरीला साधारण 19 मिमी वर-खाली होतं. मिनिटाला 1600 फेऱ्या असताना टोकाला पोचून उलट फिरताना पात्याच्या पकडीवर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 27 पट ओढ येते. वेग निम्मा करून 800 वर आणलात की तीच ओढ सातपटीच्या आत येते. पात्याबरोबर त्याला दोन्ही टोकांना ताणून धरणारे वरचा आणि खालचा दांडेही हलतात. ते सगळं वजन सेकंदाला वीस-पंचवीस वेळा थांबवून उलट फिरवायचं म्हटल्यावर थोडी थरथर राहणारच. ज्या मशीनवर ती शून्य असेल ते बंद आहे असं समजा.

टेबलाची गोष्ट वेगळी. प्रत्येक टेबलाची हलण्याची स्वतःची एक लय असते. झोपाळ्याला नेमक्या वेळी टिचकीएवढा धक्का दिला तरी तो मोठा झोका घेतो. तसंच मिनिटाला 900 फेऱ्या, म्हणजे सेकंदाला 15 धक्के, तुमच्या टेबलाच्या लयीशी जुळत असणार. वेग त्यापुढे गेला की लय चुकते आणि टेबल जरा शांत होतं.

खात्री करून घ्या. मशीन टेबलावरून उतरवून सरळ फरशीवर ठेवा आणि त्याच वेगाने पातं लावून, पण लाकूड न घालता चालवा. जमिनीवर शांत झालं तर मशीन निर्दोष आहे. दुसरी कसोटी नाण्याची. घरात जुनं जाडजूड पाच रुपयांचं नाणं सापडलं तर ते मशीनच्या पाटावर, म्हणजे लाकूड ठेवतात त्या सपाट भागावर, कडेवर उभं करा. आताची पातळ नाणी यासाठी नालायक आहेत. वेग हळूहळू वाढवत न्या आणि नाणं कोणत्या वेगाला पडतं ते पेन्सिलीने मशीनवरच लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा बघा, म्हणजे फरक मनाचा आहे की खरा ते कळेल.

आता दुरुस्ती. अभ्यासाच्या टेबलाचा वरचा पाट बहुधा पातळ पार्टिकल बोर्डाचा असतो आणि मधोमध झुलतो. त्यावर मशीन नुसतं ठेवून चालत नाही, चारही भोकांतून आरपार नट-बोल्ट हवेत. लाकडी स्क्रू काही दिवसांत सैल होतात. बोल्टला रुंद वॉशर आणि आतून नायलॉन असलेले नट वापरा. साधे नट हादऱ्यांनी आपोआप उलगडतात.

त्याहून चांगला आणि स्वस्त उपाय फरशीवाल्याकडे मिळतो. कडप्प्याचा दोन फूट बाय दीड फूट, इंचभर जाडीचा तुकडा घ्या. एवढ्याशा दगडाचं वजन 18 किलोच्या आसपास भरतं. त्यावर 18 मिमी प्लाय ठेवा आणि मशीनच्या पायांच्या मापाने दोन्हींत आरपार भोकं पाडून घ्या. मशीन, प्लाय आणि कडप्पा एकत्र आवळा, पण बेताने, कारण कडप्पा ताण सहन करत नाही, तडकतो. प्लाय मध्ये घालायचा तो त्याचसाठी. 15-20 किलोच्या मशीनला आणखी तेवढंच वजन चिकटलं की तेच धक्के त्याला निम्मंच हलवू शकतात.

टेबलाच्या पायांमध्ये तिरप्या पट्ट्या मारा. खालच्या फळीवर वाळूची गोणी ठेवलीत तर आणखी बरं. घरात शहाबादी फरशी असेल तर चार पायांचा स्टँड नेहमी एका पायावर लंगडतो, तिथे पाचर घालून नीट बसवा. तीन पायांचा स्टँड कुठेही टेकतो, म्हणून ओबडधोबड जमिनीवर मी तोच सुचवतो.

आणि हे सगळं होईपर्यंत 900 च्या जवळपासचा वेग टाळा. सातशेवर किंवा अकराशेवर काम करा. फुकटचा उपाय आहे.

तिसऱ्या मजल्यावर राहतो. खालचे काका दोनदा वर येऊन गेले. म्हणून मशीनखाली योगा मॅटची चौपदरी घडी घातली. काकांची तक्रार कमी झाली, पण आता मशीन जास्तच डोलतं आणि नक्षी बिघडते. (डोंबिवली)

मॅटने तिचं काम चोख केलं आहे. मऊ थर हादरे जमिनीत जाऊ देत नाही, पण ते नाहीसेही करत नाही. मशीनला खाली आधार उरला नाही, म्हणून ते मोकळं डोलतं.

क्रम बदला. मशीनखाली लगेच मऊ काही नको. वरच्या उत्तरातला प्लाय आणि कडप्पा मशीनला घट्ट जोडा आणि रबर कडप्प्याच्या खाली, चार कोपऱ्यांना घाला. तेही योगा मॅटसारखं फुसकं नको. वॉशिंग मशीनच्या पायांखाली घालतात ते टणक रबराचे ठोकळे चालतील.

जागाही बदलून बघा. स्लॅब खोलीच्या मधोमध सर्वांत जास्त हलतो, कोपऱ्यात किंवा खांबाजवळ सर्वांत कमी. मशीन तिथे न्या, पण टेबल भिंतीला टेकवू नका, चार बोटं अंतर ठेवा. नाहीतर काकांची सुटका होईल आणि शेजारच्या काकू येतील. दुपारी एक ते चार ही वेळ पुण्यात काय, डोंबिवलीतही टाळलेली बरी.

थर्माकोल बंद झाल्यापासून गणपतीचं मखर घरीच करतो. 3 मिमी एमडीएफमध्ये जाळी कापताना तुकडा पात्याबरोबर वर उडतो, पाटावर टकटक आपटतो आणि नाजूक जागी तुटतो. मशीन बोल्टने पक्कं आवळलेलं आहे, तरी फरक नाही. (कुडाळ)

फरक पडणारच नाही, कारण इथे मशीन हादरत नाहीये. दोष पात्याचा आहे.

पात्याच्या पाकिटावर इंचाला किती दात ते छापलेलं असतं. तुमच्याकडे 5 नंबरचं नेहमीचं पातं असावं, त्याला इंचाला साडेबारा दात येतात. म्हणजे एका दातापासून पुढचा दात 2 मिमीवर. तुमची शीट 3 मिमी, म्हणजे एका वेळी लाकडात दीड दात. एक दात सुटून दुसरा लागेपर्यंत शीट दोन दातांच्या खाचेत पडते, आणि पातं वर जाताना तिला कानाला धरून उचलतं. निदान तीन दात सतत लाकडात हवेत, हा हिशोब कायम धरा. 3 मिमीसाठी इंचाला पंचवीसच्या पुढे दात पाहिजेत, म्हणजे 2/0 नंबरचं पातं. त्याला इंचाला 28 दात असतात. ते जेमतेम अर्धा मिमी रुंद असतं, त्यामुळे जाळीच्या बारीक वळणांतही छान फिरतं. फक्त जोर लावलात तर तुटतं.

पण मखराचं काम असेल तर मी दुसरा मार्ग घेईन. मखराला एकसारख्या जाळ्या लागतातच, डावी-उजवी आणि वरची पट्टी. तर 3 मिमीच्या चार शीट एकावर एक ठेवून एकदम कापा. जाडी झाली 12 मिमी, तेच 5 नंबरचं पातं आता सहा दातांनी कापतं, आणि उडणं संपतं. शीट एकत्र ठेवायला चारही कडांना कागदी टेप घट्ट गुंडाळा. टाकाऊ भागात दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचे लहान तुकडे घाला, म्हणजे मधल्या शीट सरकणार नाहीत. नक्षीचा कागद सरळ एमडीएफवर चिकटवू नका. आधी अख्ख्या शीटवर कागदी टेप, त्यावर कागद. काम झालं की टेपसकट सगळं सालासारखं निघतं.

मशीनच्या पाटातलं पात्याभोवतीचं भोकही बघा. ते बोटभर मोठं असतं, त्यावर नाजूक जाळीला खालून आधारच मिळत नाही आणि तुकडा तिथेच मोडतो. पातळ प्लायच्या तुकड्यात पातं जाईल एवढंच भोक पाडून तो तुकडा पाटावर टेपने चिकटवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि जाळीसाठी याच्याइतका फायदा महागड्या मशीननेही होत नाही.

लाकूड दाबून धरणारा जो पाय मशीनबरोबर येतो, तो बरेच जण पहिल्याच दिवशी काढून अडगळीत टाकतात. जाळी कापताना तो लावा. लाकडाला नुसता टेकेल इतकाच खाली घ्या. जास्त दाबला तर वळवताना लाकूड अडकतं.

तुमच्या मशीनला पिनेची पाती (टोकांना आडवी पिन असलेली) लागतात की साधी, तेही पाहून घ्या. पिनेचं पातं आत घालायला बऱ्यापैकी मोठं भोक पाडावं लागतं, बारीक जाळीत तेवढी जागाच नसते. बऱ्याच मशीनना साधी पाती पकडणारा जोड वेगळा मिळतो, तो घ्या. आणि एमडीएफचा भुसा पिठासारखा बारीक असतो, नाकाला नुसता रुमाल बांधून तो थांबत नाही, एन 95 मास्क वापरा. कोकणात भाद्रपदाची हवा म्हणजे एमडीएफची कड फुगणार, म्हणून कापल्या दिवशीच कडांना प्रायमर मारून टाका.

पेन्सिलीची रेघ सरळ मारतो, लाकूड सरळ ढकलतो, तरी काप नेहमी उजवीकडेच जातो. हात वाईट की मशीन? (बेळगाव)

दोन्ही चांगले आहेत. पात्यांचे दात कापून काढतात, तेव्हा एका बाजूला बारीक कणी उठून राहते. ती बाजू जास्त कापते, म्हणून पातं तिकडे ओढतं. बहुतेक पात्यांना ही कणी उजवीकडे असते.

भंगारातल्या फळीवर हातभर लांब सरळ रेघ मारा. रेघेचं आपल्याकडचं टोक थोडं उजवीकडे घेऊन, तिरपं ढकलत कापून बघा. तीन-चार अंशांचा तिरपेपणा पुरतो, काही पात्यांना थोडा जास्त. एका कोनावर पातं आपोआप रेघेवर राहतं. तोच तुमच्या पात्याचा सरळ रस्ता. मग स्टूलही तेवढंच फिरवून बसा, म्हणजे हातांना ढकलणं सरळ वाटेल. स्क्रोल सॉवर मुळात सरळ ढकलायचा आग्रहच सोडायचा असतो, इथे फळीला मार्ग दाखवणारी आडकाठी लावून उपयोग नाही.

ओढ फारच जास्त असेल तर धार लावायचा बारीक दगड पाटावर सपाट ठेवा. चालत्या पात्याच्या उजव्या अंगाला तो क्षणभर हलकेच टेकवा. दाबायचं नाही आणि दातांसमोर न्यायचं नाही, बाजूने फक्त स्पर्श. कणी मोडते आणि ओढ कमी होते. उलट, जर काप कधी उजवीकडे तर कधी डावीकडे जात असेल, तर हे सगळं विसरा आणि पात्याचा ताण तपासा. तो सैल आहे.

30 मिमी सागवानात अक्षरं कापते. वरून रेघ बरोबर येते, खालून अक्षर वेगळंच दिसतं. शिसवात तर कडा जळून काळ्या पडतात. (सांगली)

आधी मशीनचा पाट पात्याला काटकोनात आहे का ते बघा. त्याच्या खालच्या अंशांच्या पट्टीवर विसंबू नका, ती शोभेची असते. लहान गुण्या (सुतारांचा काटकोन) पात्याला लावून बघता येतं, पण याहून पक्की युक्ती आहे. जाड फळीच्या तुकड्यात सूतभर खोल खाच घ्या. मशीन थांबवा, तुकडा तसाच पाटावर टेकलेला ठेवून पात्याच्या मागच्या बाजूला फिरवा, आणि तीच खाच पात्याच्या पाठीला लावा. पातं खाचेत वरपासून खालपर्यंत सहज बसलं तर पाट काटकोनात आहे. एका टोकाला अडलं तर पाट तेवढा कललेला आहे, आणि चूक दुप्पट दिसत असल्यामुळे केसभर फरकही लपत नाही.

पाट ठीक निघाला, तर मग तुम्ही पात्याला पळवताय. 30 मिमी लाकडात पातं हळूहळूच खातं. तुम्ही जास्त ढकललं की ते मधोमध मागे फुगतं, आणि वळणावर बाजूलाही. वरचं टोक रेघेवर, खालचं टोक रेघेवर, आणि पोट भलतीकडे. बाजूने बघितलंत तर पात्याला बाक आलेला डोळ्यांनी दिसेल. काप चालू असतानाच हात सोडून बघा: पातं सरळ होऊन लाकूड आपल्याकडे सरकलं, तर जोर जास्त होता.

ताण कानाने ओळखा. मशीन बंद करून पात्याला नखाने छेडा. स्वच्छ, उंच सूर हवा. भद्द आवाज आला तर आवळा. बोटाने मध्ये दाबल्यावर ते दोन-तीन मिमीपेक्षा जास्त हलू नये. नवीन पात्यांना तेलाचा हात असतो, त्यामुळे ती पकडीतून हळूच सुटत राहतात. लावण्याआधी टोकं थिनरच्या चिंधीने पुसा आणि काचकागदावर एकदा घासा. काम संपलं की ताण सोडून ठेवा.

पातं 7 किंवा 9 नंबरचं घ्या. 9 नंबरचं पातं साधारण 1.35 मिमी रुंद असतं, सहजी फुगत नाही. आणि ते वेळेवर बदला. सागवानात मुळातच सिलिका असते, ती दात झपाट्याने बोथट करते. बोथट झालेलं पातं दिसत नाही, आपण नकळत जास्त ढकलू लागतो आणि मग मशीन थरथरतं अशी तक्रार करतो. पात्याचे पैसे वाचवण्यात अर्थ नाही, त्याला खिळे-फेविकॉलच्या रांगेत धरा.

शिसवासाठी वेग थोडा उतरवा आणि रेघेवरून पारदर्शक पॅकिंग टेप लावून त्यातून कापा. टेपमुळे पातं निसटतं राहतं आणि जळणं बरंच कमी होतं. इतर उपाय करण्याआधी हा करा.

नेमप्लेटवर 'श्री' कापतो. शिरोरेषेखालचे आतले कोपरे गोल होतात किंवा जळतात. कोपऱ्यावर लाकूड फिरवताना हात थरथरतो. (सातारा)

हात थरथरतो कारण तो अधांतरी आहे. दोन्ही मनगटं नाहीतर कोपराखालचा भाग पाटावर किंवा टेबलावर टेकलेला हवा. हलवायचं ते बोटांनी. पाट कोपराच्या उंचीला येईल असं स्टूल निवडा. उभ्याने काम करत असाल तर करू नका. मशीनच्या मागच्या पायांखाली दोन इंचांची पट्टी घालून ते पुढे कलतं केलंत तर मान न वाकवता रेघ दिसते, खांदे सुटतात आणि अर्धी थरथर तिथेच जाते. मात्र मग पट्टीसकट बोल्ट आवळायचे, नुसतं टेकवून ठेवायचं नाही. पायाने दाबायचं बटण जमलं तर जोडा, दोन्ही हात लाकडावर राहतात.

आता 'श्री'. आधी आतला भाग, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. बाहेरून कापून टाकलंत तर धरायला लाकूडच उरत नाही. दीर्घ वेलांटी आणि शिरोरेषा यांच्यामधली कमान चारी बाजूंनी बंद असते. तिथे टाकाऊ भागात, रेघेला अगदी लागून नव्हे, गिरमिटाने भोक पाडून पातं ओवा. मग 'श्र' आणि काना यांच्यामधली उभी बोळ. ती खालून उघडी आणि वर शिरोरेषेला अडलेली, दोन आतले काटकोन तिथेच आहेत.

डाव्या कडेने वर जा. कोपऱ्यात पोचलात की फिरवायचं नाही. त्याच कापातून सात-आठ मिमी मागे या, तिथून टाकाऊ भागात गोल वळण घेऊन उजव्या कडेला लागा आणि खाली बाहेर पडा. मधला मोठा तुकडा गळून पडेल आणि बोळीत फिरायला जागा होईल. आता मोकळ्या जागेतून तिरपं येत शिरोरेषेच्या रेघेवर चढा आणि डाव्या कोपऱ्यापर्यंत कापत जा. मागे या, लाकूड वळवा आणि शिरोरेषेची उरलेली रेघ, मग उजव्या कडेचा राहिलेला भाग, दोन्ही उजव्या कोपऱ्यापर्यंत कापा. दोन्ही कोपरे करकरीत येतात, कारण एकाही कोपऱ्यात पातं जागच्या जागी फिरलेलं नसतं. बोळ फारच अरुंद असेल, तर उजवी कड कोपऱ्यापर्यंत नेऊन तिथेही मागे यायचं आणि उरलेलं बारीक पात्याने साफ करायचं.

बाहेरच्या टोकांना मात्र जागच्या जागी वळावं लागतं, उदाहरणार्थ शिरोरेषेच्या टोकाला. तिथे पुढे ढकलणं थांबवा आणि लाकूड केसभर आपल्याकडे ओढा, म्हणजे दात सुटतील. मग पात्याच्या गुळगुळीत पाठीभोवती लाकूड एका दमात फिरवा. रेंगाळलात की जळतं. यासाठी पातं जितकं अरुंद तितकं बरं, 3 किंवा 5 नंबर पुरे. वेगही कमी करू शकता. नवशिक्यांना वाटतं की वेग कमी केला की काप खराब येतो. तसं नाही, फक्त वेळ लागतो.

जुनं मशीन स्वस्तात मिळालं. दर फेरीला आतून 'टक्' असा आवाज येतो आणि तो हातालाही जाणवतो. सगळे नट आवळून झाले. (नागपूर)

प्लग काढा. वरचा दांडा टोकाला धरून वर-खाली आणि मग डावी-उजवीकडे हलवा. खालच्या दांड्याचंही तसंच. कुठेतरी खुळखुळ लागेल. तिथलं बेअरिंग किंवा बुश (सांध्यातली नळी) झिजलं आहे, आणि मोटर दर फेरीला तेवढी मोकळी जागा ओलांडून आपटते. ताण वाढवल्यावर आवाज बदलत असेल तर दोष बहुधा दांड्यांच्या सांध्यात आहे, मोटरमध्ये नाही. तेल घालून आवाज चार दिवस दबेल, पण झीज भरून येणार नाही. बेअरिंग काढा, त्यावर क्रमांक कोरलेला असतो, तो दाखवला की बेअरिंगच्या दुकानात जोडीदार मिळतो. बुश मिळाला नाही तर लेथवाल्याकडून पितळेचा करून घ्या.

एक आणखी तपासा. मोटर हाताने सावकाश फिरवा आणि पात्याच्या पाठीशी गुण्या उभा धरा. पातं वर-खाली जाताना मागे-पुढेही सरकतं का? अर्ध्या-पाऊण मिमीपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल तर पातं लाकडाला दर फेरीला पुढून ठोसा मारतं. लाकूड हादरतं, पण आपल्याला वाटतं मशीनच हादरतंय. पकडी पुढे-मागे सरकवून किंवा काही मशीनवर मोटरची बैठक थोडी फिरवून हे सुधारता येतं.

नवीन घ्यायची वेळ आली तर दांड्यांची रचना पाहून घ्या. साध्या मशीनमध्ये मागपासून पुढपर्यंत लांबच लांब दांडे अख्खे हलतात. डीवॉल्ट कंपनीच्या डीडब्ल्यू 788 सारख्या 20 इंची मशीनमध्ये मोठं जोडकाम मागे-पुढे सरकतं आणि पात्याजवळचा लहानसा भाग तेवढा वर-खाली होतो. उलटसुलट फिरणारं वजनच कमी, म्हणून थरथर कमी. किंमत अर्थात त्याच हिशोबात.

दोन तास काम केलं की बोटांना मुंग्या येतात. हातमोजे घालू का? (फोंडा)

नको. फिरत्या किंवा वर-खाली होणाऱ्या पात्याजवळ सैल मोजे धोक्याचे, आणि बोटांना रेघेची जाणीवही राहत नाही. बहुधा तुम्ही लाकूड फार घट्ट दाबून धरता. धारदार पातं असेल आणि मशीनचा लाकूड दाबणारा पाय टेकलेला असेल तर तळव्याचा नुसता भार पुरतो. वीस-पंचवीस मिनिटांनी उठा, बोटं उघडझाप करा. मुंग्या काम थांबवल्यावरही राहत असतील किंवा बोटं पांढरी पडत असतील, तर मशीन बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.

न्यू जर्सीहून पुण्याला परत येतोय. इथलं 120 व्होल्टचं मशीन बरोबर आणावं का? तिथे जास्त थरथरेल का? (न्यू जर्सी)

मशीनवरची पट्टी वाचा. आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ, तिकडे 60 हर्ट्झ. वेग बदलण्याचं बटण असलेली बरीच मशीन आत डीसी मोटरवर चालतात, त्यांना हर्ट्झने फारसा फरक पडत नाही, फक्त व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. एकाच वेगाची, इंडक्शन मोटरची जुनी मशीन मात्र इथे साधारण सहाव्या हिश्श्याने हळू फिरतील आणि मोटर जास्त तापेल. पट्टीवर 50/60 लिहिलेलं नसेल तर ती आणू नका. थरथर वीजपुरवठ्याने वाढत नाही. तिकडचा बिडाचा भारी स्टँड मागे ठेवून इथे हलक्या टेबलावर मशीन मांडलंत, तर मात्र नक्की वाढेल.

ट्रान्सफॉर्मर मशीनच्या वॅटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या आणि तो मशीनच्या टेबलावर नव्हे, जमिनीवर ठेवा. भुशापासून लांब.